सुभेदारांचा कामाडो

सुभेदार मातीचं मोठं भांडं विकत घेण्याआधी त्यात डोकं घालत. नुसतं डोकावणं नव्हे. खांद्यापर्यंत आत जात आणि तिथून आपलं नाव, हुद्दा आणि पलटणीतला नंबर खणखणीत आवाजात सांगत. मग तसेच वाकून गप्प राहत. आतून काय उत्तर येतं ते ऐकायचं असे. उत्तर पसंत पडलं नाही की बाहेर येऊन मिशांवरची माती झटकत आणि म्हणत, "बद्द हाय. फुडचं आणा."

कवठे महांकाळच्या अलीकडे एक कुंभार होता, तो त्यांना हे करू देई. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या अंगणात पाच भांडी ओळीनं उभी होती. प्रत्येक कमरेइतकं उंच, अंड्याच्या घाटाचं, दोन बोटं जाड. वरचा भाग म्हणजे झाकण, झाकणाच्या शेंड्याला भोक, आणि तळाशी राख काढायला एक खिडकी. माती गाळून त्यात घोड्याची लीद, भाताचं तूस आणि जुन्या कौलांची भुकटी मिसळलेली होती. प्रमाण सुभेदारांनी ठरवलेलं होतं आणि ते दर खेपेला बदलत असे. कुंभार माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "बाई, आमच्या आज्यापासनं आमी रांजण करतोय. लोक त्यात पानी भरत्यात. डोकं भरनारं गिऱ्हाईक ह्ये पयलंच."

आवाजाची परीक्षा झाली की उदबत्तीची. पेटवलेली उदबत्ती आत ठेवायची, झाकण लावायचं आणि उकिडवं बसून भांड्याभोवती फिरायचं. धूर शेंड्याच्या भोकातून आला तर ठीक. सांध्यातून कुठं जरी डोकावला तरी भांडं नापास. त्या दिवशी पाचातली चार नापास झाली. मी मास्तरीण असून इतका कडक निकाल कधी लावला नव्हता. पाचवं भांडं पास झालं तेव्हा सुभेदारांनी त्याला सॅल्यूट केला. कुंभारानंही केला, बहुतेक सुटकेच्या आनंदात.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. सांगलीच्या हळदवाल्याची मुलगी, आणि आमच्या घराण्यात नोकरीला बाहेर पडलेली पहिलीच बाई. रहिमतपूरच्या हायस्कुलात जागा मिळाली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका अटीवर पाठवलं होतं. काही वेडंवाकडं कानावर आलं तर त्याच दिवशी परत यायचं. सुभेदारांच्या घरातली मागची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा मला वाटलं, रिटायर फौजी माणूस, यांच्याकडून वेडंवाकडं काय कानावर जाणार.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर सुभेदारांची पलटण काही महिने जपानात होती. तिथं एका खेड्यात त्यांनी हे भांडं पाहिलं. एका म्हातारीनं त्यात भात शिजवला आणि दुसऱ्या दिवशी एका अमेरिकन सार्जंटनं त्याच भांड्यात कोंबडी भाजली. ती कोंबडी खाऊन सुभेदारांचं जे झालं ते एखाद्याचं तीर्थाला जाऊन होतं. म्हातारी त्याला 'कामाडो' म्हणाली, निदान सुभेदारांनी तरी तसं ऐकलं. भांडं आणणं शक्य नव्हतं. त्यांनी एक सुतळी घेतली आणि पोटाचा घेर, गळा, उंची, भोक अशा गाठी तिच्यावर मारून घेतल्या. ती सुतळी पंचवीस वर्षं त्यांच्या ट्रंकेत जपून ठेवलेली होती. मेडलं कुठं आहेत हे विचारलं तर ते बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे बघत. सुतळी कुठं आहे हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

पास झालेलं ते भांडं आम्ही दोन एस.टी. बदलून घरी आणलं. टपावर टाकलं तर फुटेल म्हणून वाकळेत गुंडाळून, गळ्याला पंचा बांधून, खिडकीशी सीटवर बसवलं. सुभेदार त्याला हातानं धरून शेजारी. कराडला एक म्हातारी चढली. तिनं वाकळेकडं बघून विचारलं, "पेशंट हाय व्हय?"

"व्हय," सुभेदार म्हणाले. "पोटाचा इकार हाय. आत आग आग हुती."

"ओवा द्या," म्हातारी म्हणाली. त्यानंतर प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला पेशंट असल्याची आठवण करून देत होती. उतरताना तिनं वाकळेवरून मायेनं हात फिरवला आणि दचकून काढून घेतला. "लय ताठलाय," ती मला कानात म्हणाली. मला हसू आवरेना म्हणून मी तोंडाला पदर लावला, आणि त्यानं तिचा गैरसमज पक्का झाला.

सुभेदारांच्या घरी रविवार उजाडे तो कोळसा निवडण्यात. बाभळीचा कोळसा, तोही हातात घेऊन एकावर एक वाजवून बघितलेला. रॉकेलला घरात बंदी होती. कुणी रॉकेलनं पेटवायचं सुचवलं तर ते म्हणत, "मग ती कोंबडी न्हवं, फटफटी झाली. खाऊ नका, किक मारा." गोवरीच्या तुकड्यावर निखारा करायचा, त्यावर कोळसा, वर धुरासाठी पेरूची किंवा आंब्याची काटकी. चिंचेची काटकी एकदा घातली होती, तिचा धूर कडवट निघाला. मग चिंचेचं त्यांनी त्या घरापुरतं कोर्ट मार्शल केलं.

आच मोजायची त्यांची रीत मला फार आवडे. वरच्या भोकावर तळहात धरायचा आणि बेचा पाढा म्हणायला लागायचं. 'बे पंचे दहा'ला हात मागं घ्यावा लागला तर आच कोंबडीची. 'बे दाहे वीस'पर्यंत हात टिकला तर वांगी आणि रताळी. पाढा संपूनही हात तिथंच राहिला तर कोळसा संपलाय किंवा हात मेलाय. खालची खिडकी आणि वरचं भोक यांना ते कवायतीचे हुकूम देत. उघडायचं म्हणजे 'विश्राम', मिटायचं म्हणजे 'सावधान'. हुकूम स्वतःच सोडत आणि स्वतःच वाकून पाळत. काकू ओसरीवरून हे बघत बसत. एकदा मला म्हणाल्या, "लग्नात अंतरपाट काडला तवा ह्यांनी माज्याकडं इतकं निरकून बगितलं न्हवतं."

आणि झाकण. शिजत असताना झाकण उघडायचं नाही. अजिबात नाही. वास सुटला, पाहुणे आले, पाहुणे उपाशी परत निघाले, तरी नाही. उघडायची वेळ झाली की आधी झाकण दोन बोटं उचलून धरायचं, आतली वाफ आणि धूर जाऊ द्यायचा, मग पूर्ण उघडायचं. याला ते 'ढेकर' म्हणत. "मानूस जेवल्यावर ढेकर देतो. ह्यो आदी देतो, मग जेवू घालतो. ढेकर न्हाई दिला तर उलटंल." उलटंल म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या भांड्यातून निघालेली कोंबडी मी काय वर्णावी. बोटानं हाडापासून सुटायची. मीठ, लसूण, घरची चटणी आणि पेरूचा धूर. मी घरी पोस्टकार्ड लिहिलं. प्रकृती, शाळा, पाऊसपाणी झाल्यावर शेवटच्या ओळीत लिहिलं, 'आमचे सुभेदार दर रविवारी कामाडोत कोंबडी करतात व मलाही वाढतात.'

पोस्टाचा शिक्का नेमका त्या शब्दावर बसला. त्यातून 'क', 'म' आणि 'ड' एवढंच वाचता येत होतं. आमच्या घरी पत्रं मोठ्यानं वाचायचा मान चुलतीचा. ती त्या आधीच पंधरा दिवस मिरजेला दवाखान्यात राहून आली होती आणि तिथून एकच नवा शब्द शिकून आली होती. शिक्क्याखालचे काना-मात्रा तिनं आपल्या अनुभवानं भरले. सगळ्या घरासमोर तिनं वाचलं, 'आमचे सुभेदार दर रविवारी कमोडात कोंबडी करतात व मलाही वाढतात.'

आजीनं कमोड म्हणजे काय ते विचारलं. चुलतीनं सांगितलं. आजी आंघोळीला गेली आणि अण्णा स्टेशनवर.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते दारात उभे राहिले. पांढरं धोतर, काळी टोपी आणि त्यांची ती मिशी. हळदीच्या पेठेत अण्णांना लोक मिशीवरून ओळखत. टोकाला पीळ दिलेली, मधे दाट, आणि वर्षानुवर्षं हळदीत वावरून किंचित पिवळसर झालेली. त्यांनी सुभेदारांना नमस्कार केला, पाणी घेतलं नाही, आणि मला म्हणाले, "कमोडात रांधल्यालं खातीस व्हय? सामान बांध. दुपारच्या गाडीनं जायाचं हाय. आदी राजीनामा लिही. मी सोता नेऊन देतो हेडमास्तरांच्या घरी."

मी कामाडो म्हणजे काय ते सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. आमच्या घरात अण्णांनी हात वर केला की पुढचं बोलणं गिळायचं असतं. मी खोलीत गेले आणि राजीनामा लिहिला. लिहिताना मला फार रडू येत होतं. मला आठवी ब शिकवायला आवडत होतं. स्वतःच्या खोलीचं कुलूप स्वतः लावायला आवडत होतं. दोन ओळींचा तो कागद अण्णांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

सुभेदार तेवढ्यात शांतपणे म्हणाले, "पावनं, जेवून जावा. दीड वाजता तयार हुतंय. तुमी ज्याच्यापायी आलाय ते ह्ये मागं परसात हाय, बगून घ्या. फकस्त झाकनाला हात लावू नका." आणि ते लिंबं आणायला कोपऱ्यावर गेले.

अण्णा परसात गेले. समोर ते भलंमोठं मातीचं अंडं, शेंड्यातून धुराची बारीक रेघ. त्यांनी त्याला एक फेरी घातली. मग दुसरी. मी मागून म्हणाले, "अण्णा, नका." ते म्हणाले, "कशात रांधत्यात ते डोळ्यानं बगितल्याबिगर मी जायाचा न्हाई." आणि वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन, त्यांनी झाकण सर्रकन उचललं.

भप्प असा आवाज झाला. तांबडा लोळ वर आला आणि गेला. इतका झटकन की मला वाटलं, काही झालंच नाही. मग वास आला. कोंबडीचा आणि त्यात मिसळलेला केसांचा. अण्णा वळले तेव्हा त्यांची उजवीकडची मिशी नव्हती. भुवईही निम्मी गेली होती. डावीकडची मिशी मात्र पिळासकट जागच्या जागी होती.

सुभेदार लिंबं टाकून धावत आले. आधी त्यांनी झाकण बंद केलं, खिडकीला 'सावधान' केलं, भोक मिटलं. मगच अण्णांकडं वळले. "ढेकर दिला न्हाईसा," ते एवढंच म्हणाले.

काकूंनी हळद आणली. नशिबानं कातडी नुसती लाल झाली होती. काकू तूप-हळद लावत होत्या आणि अण्णा डोळे मिटून बसले होते. मग एक डोळा उघडून त्यांनी काकूंच्या बोटाचा वास घेतला. "ही हळद कुटली? राजापुरी न्हवं ही." "बाजारातली," काकू म्हणाल्या. "भेसळ हाय," अण्णा म्हणाले आणि परत डोळा मिटला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माणूस शाबूत होता.

न्हाव्याला बोलावलं. अर्धी मिशी ठेवण्यात काही अर्थ नव्हता, त्यानं तीही उतरवली. आरसा पुढं केला. अण्णांनी तोंड बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आता म्या घरी कसा जाऊ?" ते म्हणाले. "माजी आई जित्ती हाय."

तेव्हा आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. आमच्याकडं पुरुष मिशी उतरवतो ती आईबाप गेल्यावर. गुळगुळीत ओठ घेऊन अण्णा सांगलीच्या पेठेतून चालले असते तर घरी पोचेपर्यंत मागं भेटायला येणाऱ्यांची रांग लागली असती. आणि दारात आजी उभी. पोरगा आपल्या जिवंतपणी मिशी काढून आला हे बघून तिनं काय केलं असतं, याचा विचारही करवत नव्हता. असल्या तोंडानं हेडमास्तरांपुढंही जाता येईना. कागद खिशातच राहिला. मी नेऊन देते म्हटलं असतं, पण मला कुठं घाई होती.

अण्णांनी घरी पत्र लिहिलं, 'येथे थोडी गडबड आहे, मिशी येताच निघतो.' मग वाचून बघितलं, 'मिशी' खोडलं आणि 'सवड' लिहिलं.

दीड वाजता सुभेदारांनी रीतसर ढेकर देऊन झाकण उघडलं. कोंबडी एका बाजूनं जरा करपली होती. सुभेदारांना त्याचं इतकं वाईट वाटलं की ते जेवले नाहीत. अण्णा मात्र पोटभर जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि हाड ताटात ठेवताना म्हणाले, "करपलं ते माज्यामुळं."

शेजारपाजारच्यांना पाहुणा दिसला तो नुकता मिशी उतरवलेला. संध्याकाळी दोन घरांतून पिठलं-भाकरी आली, दुखवट्याच्या घरी पाठवतात तशी. पलीकडच्या मावशी तर पदर सावरून ओसरीवर येऊनच बसल्या. "कोन गेलं वं?" त्यांनी सुभेदारांना विचारलं.

"मिशी," सुभेदार म्हणाले.

"आगं बया. वय काय हुतं?"

"तीस वर्सं," सुभेदार म्हणाले. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. आत अण्णा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना घरी कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आमच्या परसात जे चाललं होतं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. अण्णांनी तरुणपणी मळ्यात हळद शिजवली होती. झाकलेल्या काहिलीत वाफ कशी कोंडते हे त्यांना ठाऊक होतं, आणि सुभेदारांना वाफ म्हणजे आपलीच जहागीर वाटे. दोघं भांड्याच्या दोन बाजूंना बसून भांडत. अण्णांचं "खिडकी बोटभर उगडा," सुभेदारांचं "न्हाई, निम्मं बोट," मग "तुमचं बोट जाड हाय." मग दोघांची बोटं काडीनं मोजली जात. अण्णा पाढा अडीचकीचा म्हणत. सुभेदारांना ते शिस्तीच्या बाहेरचं वाटे. एकदा अण्णांच्या हट्टानं आत ओली हळकुंडं भाजली. सगळी गल्ली खोकली आणि काकूंचं वाळत घातलेलं पातळ पिवळं झालं. दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

भांडण नसलं की अण्णा बाजारात जात. पहिल्याच दिवशी भाजीवालीनं त्यांना विचारलं, "तुमी बाईंचं वडील व्हय?" न्हाव्यानंही तेच, पोस्टातही तेच. आयुष्यभर मी हळदवाल्यांची मुलगी होते. रहिमतपुरात ते बाईंचे वडील होते. तिसऱ्या आठवड्यात एकदा शाळा सुटताना ते फाटकाबाहेर छत्री घेऊन उभे असलेले दिसले. ऊन नव्हतं आणि पाऊसही नव्हता. माझ्याभोवती आठवी ब च्या मुली होत्या. अण्णा लांबून बघत होते, आणि मी बघितल्यावर त्यांनी छत्री उघडली.

मिशी म्हणण्याजोगं काहीतरी ओठावर उगवल्यावर जायचा दिवस ठरला. सकाळची पॅसेंजर होती. सुभेदार आणि मी पोचवायला गेलो. गाडीला उशीर होता. अण्णांनी बंडीच्या खिशातून तो कागद काढला. घडीवर तेलाचे डाग पडले होते आणि त्याला पेरूच्या धुराचा वास येत होता. मला वाटलं, आता ते म्हणतील, चल हेडमास्तरांकडं.

"गाडीला अजून येळ हाय," अण्णा म्हणाले. "जाऊन देऊन येतो म्हनलं तर हुईल. काय करू? तूच सांग."

अण्णांनी मला विचारलं होतं. घरात कधी, कुणीच, मला असं विचारलेलं मला आठवत नाही. मी सुभेदारांकडं बघितलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर हुकूम सोडणारे सुभेदार आमच्याकडं पाठ करून वजनाच्या काट्याकडं बघत होते. त्यांच्या मानेवरून मला कळत होतं की ते श्वास धरून आहेत. त्या माणसावर माझा किती जीव आहे हे मला त्या क्षणी कळलं.

"नका देऊ," मी म्हणाले. "मी हितंच राहते."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला.

गाडी आली. डब्यात चढून त्यांनी खिडकीतून सुभेदारांना एवढंच सांगितलं, "निम्मं बोट बरोबर हुतं." गाडी हलली तशी सुभेदारांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "आता पळा, बाई. घंटा झाली आसंल."

मी स्टेशनपासून निघाले ती पळतच शाळेत पोचले. प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाला होता. हेडमास्तरांनी घड्याळाकडं बघितलं, लाल शाईचा टाक उचलला आणि हजेरीच्या मस्टरवर माझ्या नावापुढं उशिराची खूण केली. नोकरीतली माझी ती पहिली तांबडी खूण. मी दम खात टेबलाशी उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. "हसताय काय, बाई?" ते म्हणाले. मस्टरवर माझं नाव अजून होतं.